धारणीच्या गिऱ्हाइकाचं पार्सल

इवाई, तुमचं पार्सल आलं.

तुमच्या तेरवीच्याच दिवशी आलं. अंगणात मांडव, पंगत बसलेली, तुमचे चुलतभाऊ वाढप्यांवर ओरडून राहिले होते, आणि फाटकाशी पाठीवर मोठी पिशवी घेतलेला एक माणूस तुमचं नाव घेऊन हाका मारत होता. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पंगतीतली माणसं हातातला घास तसाच धरून थांबली. तो म्हणाला, "घरी हायेत का थे? त्याईच्या मोबाईलवर एक नंबर आला असंन, तेवढा सांगा, मंग पार्सल देतो."

तुमचा मोबाईल मनीषाजवळ होता. माझी लेक, तुमची सून. लोकांचे सांत्वनाचे फोन येतात म्हणून ती तो रोज चार्ज करून जवळ बाळगत होती. तिनं तो काढला, पाहिला आणि माझ्यापुढं धरला. पडद्यावर लिहिलं होतं, आपलं पार्सल आज पोहोचत आहे, कृपया घरी राहा.

कृपया घरी राहा. काय बाप्पा, कोणाला सांगून राहिले हे.

तुमचे चुलतभाऊ पुढं आले. म्हणाले, "पाठव वापस. गेलेल्या मानसाच्या नावाचं सामान घरात घेऊ नाई." तो माणूस वळलासुद्धा. तेव्हा मी म्हटलं, "थांबा." मनीषाच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तुमच्या अंगणात माझा आवाज तेवढा चढलेला कोणी ऐकला नव्हता. मुलीच्या आईनं मुलीच्या सासरी आवाज चढवायचा नसतो. मी मनीषाच्या हातातला मोबाईल घेतला, नंबर वाचून दाखवला आणि पार्सल घेतलं. हातात घेतल्याबरोबर वजनावरून कळलं काय आहे ते. मी ते पदराखाली धरलं आणि आत जाऊन बसले. तुमच्या फोटोला हार घातला होता, उदबत्ती होती, आणि माझ्या मांडीवर तुमच्या गाडीचे ब्रेक.

वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईन. तुम्ही मला ईनबाई म्हणायचात, मी तुम्हाला इवाई. याच्या पलीकडं आपण एकमेकांना कधी काही म्हटलं नाही. दोन्ही घरांत जोडीदार लवकर गेलेला, तेव्हा जपूनच राहावं लागे. लोकांच्या जिभेला हाड नसतं. पण आपल्यामध्ये मानपान इतका होता की त्या मानपानापायीच तुमची गाडी एवढी वर्षं विटांवर उभी राहिली, हे मी आज सांगून टाकते. आता कोणाचा मान राखायचा उरला आहे?

माझं अकोल्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. मनीषाचे बाबा गेले तेव्हा ती शाळेत होती. दुकान मी चालवायला घेतलं, ते आजपर्यंत चालवते आहे. तुमच्या दारात ती फिकट निळी अँबेसिडर, तुमच्या वडिलांच्या वेळची. पोरांचं लग्न ठरलं तसं लोक तुम्हाला चिडवायला लागले की इवाई, तुमचं काम झालं, आता गाडीले जल्मभर सामान फुकट. तुम्हाला त्याचा असा राग आला की भर बैठकीत म्हणालात, "हुंडा घेतला नाई मी. आता वायसर घेऊ का?"

मला वाटलं, बोलण्यात बोललात. पहिल्या दिवाळीला मी वायपरची जोडी पाठवली. साधी वायपरची जोडी, तिचं काय एवढं? तुमच्याकडून साडी आली. पुढं फॅनबेल्ट पाठवला, पुन्हा साडी. पैसे पाठवले असते तर मी फेकून परत दिले असते, हे तुम्हाला ठाऊक होतं. पण इवायानं दिलेली साडी ईन परत करू शकत नाही, हेही ठाऊक होतं. माझ्या कपाटात आजही वायपरची साडी आहे, फॅनबेल्टची साडी आहे आणि रेडिएटरच्या पाइपाची एक मोरपंखी, जरीकाठाची. दुकानातून जे निघे त्याच्या चौपट घरात येई. शेवटी मीच सामान पाठवणं बंद केलं, आणि तुम्ही तर कधी मागितलंच नव्हतं. तेरवीला मी फॅनबेल्टची नेसून आले होते. तुम्ही असता तर ओळखली असती.

आणि आपलं दुसरं भांडण, ते तर संपलंच नाही. मी तुमच्याकडं अमरावतीला कधी मुक्काम केला नाही. सकाळच्या एसटीनं यायचं, लेकीला बघायचं, जेवायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं अकोला गाठायचं. तुम्ही दर खेपेला स्टँडवर सोडायला यायचात आणि तेच तेच विचारायचात. "ईनबाई, एक दिवस दुकान बंद ठेवलं तर काय अकोला बंद पडते?" मी हसून टाळायची. खरं कारण कधी सांगितलं नाही, ते आता ऐका. माझ्या सासूबाई म्हणायच्या, पोरीच्या घरी जेवावं, पन झोपू नये. झोपलेलं मानूस घरात हाय हे लोक इसरतात, अन् मंग घराचा खरा आवाज निंगते. मला तो आवाज ऐकायचा नव्हता, इवाई. तुमच्या घरात माझ्या लेकीशी माझ्या पाठीमागं कोण कसं बोलतं, हे मला कळून घ्यायचं नव्हतं. तोंडावर सगळे चांगलेच बोलतात. बाप नसलेली पोर दिली होती मी. चांगलं चाललं आहे एवढ्यावर मी समाधान मानलं होतं आणि ते मला मोडू द्यायचं नव्हतं.

मागच्या दिवाळीला स्टँडवर तुम्ही फारच धरून बसलात. एसटी लागली होती, मागचे लोक ढकलून राहिले होते, आणि तुम्ही माझी पिशवी सोडेचना. मी वैतागून म्हटलं, "तुमची थे निळी गाडी घेऊन या अकोल्याले. माझ्या दुकानासमोर ब्रेक लावून उभी करून दाखवा. त्या दिवशी येईन मुक्कामाले." मी म्हटलं ते तुम्हाला गप्प करायला. इंजिन तुम्ही दर रविवारी चालू करत होता, पण ब्रेकच्या नावानं शंख. पेडल दाबलं की पाय सरळ तळाला. ती गाडी फाटकाबाहेर पडणार नाही याची मला खात्री होती. तुम्ही मात्र पिशवी सोडलीत आणि म्हणालात, "जमलं. शब्द हाय तुमचा."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण आहे. तुमचं घोडं दारातच होतं, त्याला लगाम नव्हता एवढंच.

उन्हाळ्याच्या तोंडी मनीषाचा फोन आला. दबक्या आवाजात. "आई, बाबांनी मोबाईलवरून गाडीचे ब्रेक मागवले. ते गाडीला बसूनच नाही राहिले. तू काही बोलू नको हं, त्यांनी सांगितलं आहे तुला कळू द्यायचं नाही म्हणून." मी कपाळावर हात मारला. मला आधी हसू आलं आणि मग संताप. सोयरी अकोल्यात दुकान मांडून बसली आहे, आणि हे मोबाईलवर बोटं फिरवून राहिले. काखेत कळसा अन् गावाले वळसा. पण बोलू काय? मी ब्रेकचे सिलिंडर पाठवले असते तर दोन साड्या आल्या असत्या, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमचा शब्द माझ्या सामानावर पुरा झाला असता. ते तुम्हाला चाललं नसतं. मला घ्यायला यायचं आणि ब्रेक माझेच, हे कसलं घ्यायला येणं?

म्हणून मी गप्प बसले. तुमच्या पहिल्या पार्सलातल्या सिलिंडरची भोकं जुळली नाहीत, तुम्ही ते परत केलं. दुसरं आलं तर त्यात दोन्ही नग डाव्याच चाकाचे. मनीषा सगळी बातमी देत होती. मला इथं दुकानात बसून कळत होतं चूक कुठं होत होती. तुम्ही गाडीच्या कागदावरचं साल बघून मागवत होता. तुमचा कागदावर फार विश्वास.

आणि मग एका दुपारी दुकानातला फोन वाजला.

"हॅलो, बहनजी? मैं धारणी से बोल रहा हूँ. अपनी एक पुरानी अँबेसिडर है. उसके आगे के ब्रेक का पूछना था."

इवाई, मी तुम्हाला पहिल्या 'बहनजी'लाच ओळखलं. माणूस भाषा बदलेल, दुसऱ्याचा नंबर घेईल, थेट मेळघाटात जाऊन बसेल. पण खाकरणं कसं बदलेल? तुम्ही दर वाक्याच्या आधी खाकरायचात. लग्नाच्या बैठकीतही तसेच खाकरत होता. मी गादीवरून उठून उभीच राहिले. मीही हिंदीत सुरू केलं. "हाँ भाईसाब, बोलिए. क्या तकलीफ है?"

"कागज के हिसाब से मँगवाया था, बहनजी. दो बार गलत आया."

"कागज को क्या पूछते भाईसाब? गाडी को पूछो." आणि मग मी तुम्हाला सगळं सांगितलं. आपल्या भागातल्या जुन्या गाड्या कागदावर एक असतात आणि चाकावर दुसऱ्याच. कोणत्या काळी कोणता ब्रेक लागला, कोणत्या मोडक्या गाडीचं पुढचं अंग कोणाला बसवलं, ते कागदात कोण लिहितं? चाक काढा, ड्रम खोला, जुना सिलिंडर घासून साफ करा, पाठीवर आकडा कोरलेला असेल तो वाचा, नसेल तर आतलं माप घ्या. आणि मागवताना उजवा एक, डावा एक, असं स्पष्ट लिहा. तुम्ही शाळेतल्या पोरासारखं माझं एकेक वाक्य परत म्हणून दाखवत होता. मध्येच म्हणालात, "ऐसा है क्या बाप्पा." धारणीचा माणूस हिंदीत बाप्पा म्हणतो की नाही, देव जाणे. मी पदर तोंडात कोंबला.

तेवढ्यात तुमच्या मागून आवाज आला. "बाबा, चहा झाला, या ना."

माझ्या लेकीचा आवाज. तिला पहिला शब्द मी शिकवला, आणि तिचा आवाज मला धारणीचा वाटेल असं तुम्हाला कसं वाटलं? तुम्ही घाईघाईनं फोनवर हात धरलात. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, चोर सापडला की त्याला जरा खेळवल्याशिवाय मला राहवत नाही. मी म्हटलं, "कौन बुला रहा है भाईसाब? बहू है क्या?"

तुम्ही खाकरलात. म्हणालात, "नहीं जी. मेरी बेटी है."

आणि मग 'शुक्रिया बहनजी' म्हणून फोन ठेवलात. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी स्पार्क प्लगऐवजी बल्ब बांधून दिला. तो परत आला तरी मला कळेना तो काय म्हणतो ते. बहू म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी तर तुमच्या तोंडात आयता घास दिला होता. धारणीच्या माणसालाही सून असते. तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं, कोणाला बरं वाटावं म्हणून बोलायचं नव्हतं, मुलीची आई समोर बसलेली नव्हती. सासूबाई ज्याला घराचा खरा आवाज म्हणायच्या, तो मला दुकानात, भर दुपारी, फोनवर ऐकू आला.

त्या रात्री मला इतकी शांत झोप लागली की सकाळी दुकान उशिरा उघडलं.

मी ठरवलं होतं, हे तुम्हाला सांगायचं. गाडी दुकानासमोर उभी राहू द्यायची, तुम्ही ऐटीत खाली उतरला की म्हणायचं, "या भाईसाब, धारणीहून केव्हा निंगालात?" त्या वाक्याची मी किती तयारी केली होती. कधी कधी एकटीच गल्ल्यावर बसून हसायची. तुमचा चेहरा कसा होईल ते मला दिसायचं. आणि त्या हसण्यातच तुमचे आभार मानून घ्यायचे, असं ठरवलं होतं, कारण सरळ आभार मानले असते तर तुम्ही आणखी एक साडी दिली असती.

तुम्ही तर जेवण करून गाडीजवळच्या खुर्चीत बसलात आणि चहाला उठलाच नाहीत. मनीषा सांगत होती, चाकं काढून ठेवलेली होती, ड्रम खोललेला होता, जुना सिलिंडर रॉकेलनं धुऊन फडक्यावर ठेवला होता. माझं ऐकलंत. मोबाईल मांडीवर होता आणि त्यावर आलं होतं, आपलं पार्सल निघालं आहे. बरोबरच निघालात तुम्ही दोघं. ते पोहोचलं.

तेरवीच्या संध्याकाळी विजयराव म्हणाले, म्हणजे तुमचा मुलगा, माझे जावई, की नागपूरचा एक माणूस गाडी बघून गेला आहे. लग्नात मिरवायला जुन्या गाड्या भाड्यानं देतो. पुढच्या आठवड्यात ट्रकवर चढवून नेईल. "घरात कोण चालवते आता थे? अन् मले पाहवत नाई तिच्याकडं." ते खरंच बोलत होते. मलाही पाहवत नव्हतं. पण मी म्हटलं, "जावईबापू, त्याच्या आधी मले ब्रेक बसवू द्या. एकदा अकोल्याले नेऊन आना तिले. मंग कोनाले द्यायची थे द्या." मी त्यांना तुमच्या-माझ्या शब्दाबद्दल काही सांगितलं नाही. डोकं फिरलं म्हातारीचं, असं वाटलं असेल त्यांना.

अकोल्याला परतले, दुकान उघडलं. दुसऱ्याच दिवशी फोन. "बहनजी, धारणी से बोल रहा हूँ."

इवाई, माझ्या हातातून पेन पडला. तिकडून हॅलो, हॅलो. माझ्या तोंडून निघून गेलं, "इवाई, माप घेतलं का?" पलीकडचा माणूस म्हणाला, "कौन? जीप की क्लच प्लेट चाहिए थी." खराच धारणीचा होता. आवाज तरुण, खाकरणं नाही, काही नाही. मी त्याला क्लच प्लेटचं सगळं नीट सांगितलं, सगळ्यात जास्त वेळ त्याच्याशी बोलले. तेव्हापासून फोन वाजला की मी लगेच उचलत नाही. थोडा वाजू देते. तेवढा वेळ तो तुमचा असू शकतो.

पार्सल मी तुमच्याच घरी ठेवून आले होते. रविवारी माझ्या पान्यांची पेटी, ब्रेकचं तेल आणि मास्टर सिलिंडरची रबरं घेऊन एसटीत बसले. रबरं माझ्या दुकानातली होती. मुद्दाम सांगते, साडी पाठवायला आता कोण आहे ते मला पाहायचं होतं. टिनाच्या शेडखाली गाडी तशीच उभी, तुमची खुर्ची तशीच. पार्सल उघडलं. उजवा एक, डावा एक. ड्रमच्या मागं धरून पाहिलं आणि भोकं भोकांवर बसली. मी तिथंच खाली बसले आणि रडले. तुमच्या मौतीला आले तेव्हा मी रडले नव्हते; तेव्हा लेकीला सांभाळायचं होतं. विजयराव पाण्याचा गिलास माझ्याजवळ ठेवून बाजूला झाले.

ब्रेक बसवल्यावर नळीतली हवा काढावी लागते. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळ आडवं होऊन पेच ढिला करायचा, बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे, पेच आवळायचा, मग आतल्यानं पाय उचलायचा. मनीषाला आत बसवलं आणि मी खाली आडवी झाले. "दाब." "दाबलं." "धर." "धरलं." तिचा आवाज टिनाच्या छताला लागून लांबून आल्यासारखा येत होता. मी मान वळवली आणि गाडीच्या खालून पलीकडं पाहिलं.

तुमच्या चपला होत्या. चालकाच्या दाराशी, जोडीनं, टाचा गाडीकडं. देवळात जाताना काढाव्यात तशा तुम्ही गाडीत बसताना चपला बाहेर काढायचात, त्यावरून आम्ही सगळे हसायचो. मी श्वास धरून पाहत राहिले. वरून आवाज येत नव्हता. पेडल दाबलेलं होतं, नळी ताठ होती, कोणीतरी वर बसून पाय न हलवता धरून ठेवलं होतं. मला वाटलं, विचारावं. इवाई, तुम्ही आहात का वर? तोंडापर्यंत आलं. मी भ्यायले नाही. उलट मला वाटलं की असंच राहावं, कोणी बोलू नये, कोणी पाय उचलू नये.

"आई, किती वेळ धरू? पाय भरून आला ना."

मनीषा होती. अंगण तापलं होतं म्हणून ती तुमच्या चपला घालून आली होती, आणि बसताना तिनंही त्या बाहेर काढल्या. तुमच्याकडूनच लागलेली सवय. मी म्हटलं, "सोड बाळा," आणि पुढच्या चाकाकडं सरकले.

परवा सकाळी मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. विजयराव आणि मनीषा अमरावतीहून पहाटेच निघाले होते. मूर्तिजापूर सोडलं, बोरगाव सोडलं, असे मनीषाचे फोन येत होते. शेजारचा टायरवाला विचारत होता, ताई, कोणाची वाट पाहून राहिल्या? मी म्हटलं, इवाई येऊन राहिले. माझ्या तोंडून तसंच निघालं. त्याला तुमची बातमी माहीत होती.

मग ती वळणावरून आली. धुतलेली, फिकट निळी, जुन्या काळचा हॉर्न देत. माझं सगळं लक्ष चाकांकडं. दुकानासमोर येताच विजयरावांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. कुठं ओढली नाही, घासली नाही, पायरीसमोर जिथं थांबायची तिथं थांबली. दार उघडलं. मी तयारी केलेलं वाक्य माझ्या ओठावर होतं. उतरले ते विजयराव. मी ते वाक्य गिळलं आणि त्यांना म्हटलं, "या. चहा घ्या, मंग निंगू."

शटर मी माझ्या हातानं ओढलं. मनीषा मागं बसली, मला पुढं बसवलं. सीटला तुमच्या वजनाचा खड्डा पडलेला, विजयराव त्यात जरा खालीच बसतात. निघताना म्हणाले की आरसा बाबांच्या उंचीला लावलेला आहे, येताना मागचं काही दिसलंच नाही, आणि आरशाला हात लावला. मी म्हणणार होते, राहू द्या. पण गाडी चालवायची तर मागचं दिसायला हवं. त्यांनी आरसा खाली ओढला. बडनेऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तर दोन रात्री तुमच्या घरी झोपले, इवाई. शब्द पाळला. झोपलेलं माणूस घरात आहे हे खरंच लोक विसरतात. मी डोळे मिटून पडले होते, आणि ऐकलं. विजयराव मनीषाला विचारत होते, "आईले उशी बरोबर दिली ना? त्याईची मान दुखते." एवढंच. एवढं ऐकायला मी इतकी वर्षं घाबरत होते, आणि तुम्ही इतकी वर्षं मला तेच ऐकवायला बोलावत होता. नागपूरच्या माणसाला विजयरावांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. काल दुपारी ते गाडी पुसत होते.

आणि आज सकाळी तुमचा मोबाईल वाजला. चहा घेत होतो आम्ही मायलेकी. पडद्यावर लिहून आलं, बापूराव, आपण घेतलेली वस्तू कशी वाटली? आपल्या गाडीला बरोबर बसली का?

मनीषा तो मेसेज पुसून टाकायला निघाली. मी म्हटलं, आण इकडं. चष्मा लावला आणि एका बोटानं, शोधून शोधून, खालच्या चौकटीत लिहिलं. बसली. दोन खेपा चुकीची आली, तिसऱ्या खेपेला बरोबर बसली. गाडी अकोल्याला दुकानासमोर ब्रेक लागून उभी राहिली. धारणीच्या माणसाला सांगा की बहनजीनं त्याला पहिल्याच शब्दाला ओळखलं होतं. आणि तो चहाच्या वेळी जे बोलला, त्याच्याबद्दल बहनजी त्याची जल्मभर ऋणी आहे.

मनीषानं वाचलं. तिला ती फोनची गोष्ट ठाऊक नव्हती. म्हणाली, "आई, काय बोलले होते बाबा?" मी सांगितलं. तिनं मोबाईल हातात घेऊन ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "हे सगळ्या लोकांना दिसेल बरं." मी म्हटलं, दिसू दे.

तिनं पाठवलं. लगेच उत्तर आलं, आपण वेळ काढून कळवलंत, धन्यवाद बापूराव.

संध्याकाळची एसटी होती माझी. मी पिशवीतून कपडे परत बाहेर काढले आणि मनीषाला सांगितलं, उद्या जाईन. दुकान आज तिसऱ्या दिवशीही बंद आहे, इवाई. अकोला काही बंद पडलं नाही.